पडसाळीतून आत

यंदा संक्रांतीच्या आधी आठ दिवस आईला घेऊन सुरतेला गेले, धाकट्या बहिणीकडे. थंडीचे दिवस, घरात पोंक आलेला, गच्चीवर पतंगांची तयारी. आणि माझा भाचा मात्र कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलेला. नोकरीचं काम असेल म्हणून मी गप्प राहिले. पण आईला राहवेना. ती आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि विचारायचं ते विचारूनच टाकते.

"काय करतोस रे?"

"आजी, मडचा सर्व्हर निवडतोय."

आईने माझ्याकडे पाहिलं. "मडी? या पोराला मडी कशाला हवी आता?"

ज्यांच्या घरी एक आजी कन्नड आणि एक मराठी, त्यांना हा घोटाळा सांगायला नको. मडी म्हणजे सोवळं. जन्मापासून सुरतेत वाढलेल्या भाच्याला मडी ठाऊक नाही. त्याला वाटलं, आजी 'मढं' म्हणतेय. पाच मिनिटं तिघं तीन गोष्टींबद्दल बोलत होतो.

मड म्हणजे शब्दांनी खेळायचा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा कॉम्प्युटरवरचा खेळ. त्यात चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर अक्षरं येतात : तुम्ही अमुक खोलीत आहात, कोपऱ्यात पेटी आहे, शेजारी अमका उभा आहे. तुम्ही टाइप करायचं, पेटी उघड. उघडते. दुसऱ्या गावातला कुणी त्याच खोलीत असेल तर त्याच्या पडद्यावर लगेच दिसतं की तुम्ही पेटी उघडलीत. 1978 साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी असा पहिला खेळ केला आणि त्याचं नावच पुढे सगळ्या जातीला पडलं. आज चित्रांचे एवढे खेळ असताना हे कोण खेळतं, असं मी विचारलं. भाचा म्हणाला, "मावशी, पुस्तकं कोण वाचतं?" यावर काय बोलणार!

त्याचा मूळ बेत वेगळा होता. त्याला 1664 ची सुरत करायची होती. जानेवारी महिना, महाराज शहराबाहेर येऊन ठेपलेले, सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसलेला, इंग्रज आणि डच आपापल्या वखारी धरून बसलेले, आणि वीरजी व्होरासारखे बडे व्यापारी मध्ये सापडलेले. खेळणाऱ्याने कुठल्याही बाजूने शिरावं. भाच्याचा जिवलग मित्र जुन्या सुरतेतला गुजराती. तो हसत म्हणाला, "तू लूट, मी माझं सोनं पुरतो." आमच्या शाळेच्या पुस्तकात जी स्वारी, ती त्याच्या घरी आजही लूटच. दोघांना मजा येत होती. पण मला वाटतं, मनातून दोघेही थोडे बिचकत होते. उधना आणि लिंबायतकडे खानदेशातून आलेली मराठी घरं हजारोंनी आहेत. हा खेळ त्यांच्या पोरांच्या हाती पडला की चेष्टेचं भांडण व्हायला किती वेळ लागतो?

बेत बदलला तो आईमुळे. भाचा तिला समजावत होता की खोल्या कशा लिहायच्या. आई म्हणाली, "मग आपला वाडा लिही की."

शहापूरचा आमचा वाडा 2012 साली विकला. आता तिथे अपार्टमेंट आहे, आणि जिथे पडसाळ होती तिथे स्कूटर लावतात. भाच्याने वाडा पाहिला तो सुट्टीत, लहानपणी. आईला मात्र पायरीन् पायरी ठाऊक आहे. हल्ली ती नावं विसरते, सकाळची गोळी घेतली की नाही ते विसरते. पण 'पडसाळीतून आत गेलं की' असं सुरू केलं की चालायला लागते. डाव्या हाताला काय, उंबऱ्याला कुठे चीर होती, माजघरातल्या कोनाड्यात काय ठेवलेलं असायचं. हे किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. भाचा काही बोलला नाही. पण त्या रात्री त्याने सुरतेची फाइल बंद करून नवी उघडली, हे मी पाहिलं.

घर लिहायची कल्पना आईने प्रथम काढली असं नाही. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या पावेल कर्टिस यांनी 1990 साली लॅम्डामू नावाचं असंच शब्दांचं जग उभं केलं, आणि त्याच्या मध्यभागी ठेवलं ते स्वतःचं राहतं घर. नवा माणूस आत शिरायचा तो कोट टांगायच्या कपाटात. काळोख, अंगाला कपडे लागताहेत, आणि दार उघडलं की दिवाणखाना. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्या घराला आपापल्या खोल्या जोडल्या. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "कपाटातून कसलं घरात यायचं? आपल्याकडे पाय धुऊन येतात." त्यामुळे आमच्या वाड्यात शिरायची जागा ठरली दारातला दगडी कट्टा, शेजारी पाण्याचा हंडा.

आता सर्व्हरचं. सर्व्हर म्हणजे या खेळाचं स्वयंपाकघर म्हणा. सगळं तिथे शिजतं आणि प्रत्येकाच्या ताटात वाढलं जातं. ते नव्याने बांधायची गरज नसते, लोकांनी बांधून ठेवलेली आहेत, फुकट मिळतात. अडचण अशी की प्रत्येक स्वयंपाकघर एकाच प्रकारच्या जेवणासाठी बांधलेलं असतं, आणि ते मागाहून कळतं.

भाच्याने प्रथम सर्कलमड लावून पाहिलं. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणक विभागातल्या पाच विद्यार्थ्यांनी 1990-91 च्या सुमारास डिकूमड केलं. डिकू ही त्या विभागाच्याच डॅनिश नावाची अद्याक्षरं. त्यावरून अमेरिकेत जेरेमी एल्सन यांनी 1993 मध्ये सर्कलमड काढलं. हे सी भाषेत लिहिलेलं, अगदी हलकं, जुन्या पुराण्या यंत्रावरही धावतं. लावलं की लगेच जगही तयार मिळतं. आपण उभे राहतो ते मिडगार्ड नावाच्या गावातल्या देवळात, आणि गाभाऱ्यात ओडिन देवाची दहा फुटी बसलेली मूर्ती. आईने विचारलं, "अदु यार गुडी?" ओडिनचं म्हटल्यावर तिने तरीही हात जोडले.

मग भाचीने, म्हणजे त्याच्या बहिणीने, हौसेने टाइप केलं : पेटी उघड. पडद्यावर काहीच नाही. चूक झाली असंही नाही, समजलं नाही असंही नाही. नुसतं रिकामं. तिला वाटलं, लाइट गेली. कारण सापडायला भाच्याला अर्धा तास लागला. आलेली ओळ वाचताना हा सर्व्हर एकेक अक्षर तपासतो, आणि जुन्या इंग्रजी यादीतलं नसेल ते मुकाट्याने टाकून देतो. 'पेटी उघड'मधून मराठी सगळं गळून गेलं आणि उरली ती मधली मोकळी जागा! कन्नड घातलं असतं तरी तीच गत. सीमाभागात आपण कुठल्या पाटीवर कुठली भाषा यावरून इतकी वर्षं भांडलो. इथे एका यंत्राने दोन्हींना सारखंच वागवलं.

तपासणीची ती ओळ बदलता येते. भाच्याने बदललीही. पण पुढे दुसरा दगड. एका ओळीची मर्यादा 256 बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. आपल्या लिपीत अक्षर वेगळं, काना-मात्रा वेगळी, आणि प्रत्येकाला तीन-तीन. नुसता 'पडसाळ' शब्द पंधरा बाइट खातो. म्हणजे जेमतेम पंच्याऐंशी चिन्हांत वाक्य संपवा. आमच्या आईचं वाक्य एवढ्यात सुरूही होत नाही.

तरी मला विचाराल तर खरी अडचण दिशांची होती. या घराण्याच्या सर्व्हरात जायच्या वाटा सहाच : उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, वर, खाली. घरात कोण म्हणतं, "जरा पूर्वेला जाऊन तांब्या आण"? आपण म्हणतो आत जा, माडीवर जा, मागीलदारी जा. आई तर 'हित्तलात' म्हणते, आणि आम्ही सगळीच म्हणायचो. भाचा म्हणाला, वाटांची नावं बदलायची तर आतलं बरंच उसवावं लागेल. मुळात लढाईसाठी बांधलेलं घर ते. 1664 च्या सुरतेला शोभलं असतं. वाड्याला नाही.

मग एलपीमडची चौकशी झाली. स्वीडनमधल्या लार्स पेन्शो यांनी 1989 मध्ये केलेलं. त्यात यंत्र वेगळं आणि जग वेगळं ठेवलं आहे, चूल एकाची आणि पदार्थ दुसऱ्याचे तसं. त्याचे वंशज अजून जिवंत आहेत. पण प्रत्येक खोली म्हणजे त्यांच्या खास भाषेतला एक छोटा प्रोग्राम. पुण्याची वहिनी, बंगळूरची पोरं, आमच्यासारख्या मावश्या हे कधी लिहिणार? लॅम्डामू त्या मानाने सोपं. खेळता खेळता खोली खणायची, वर्णन लिहायचं, झालं. मन तिथेच बसलं होतं. पण मूळ लॅम्डामूही इंग्रजीबाहेरची अक्षरं आत घेत नाही. पुन्हा तेच सोवळं!

शेवटी ठरलं ते एव्हेनिया. 2006 साली ग्रेग टेलर यांनी हे सुरू केलं, पुढे दुसऱ्यांनी हाती घेतलं आणि वाढवलं. पायथन भाषेत आहे, जी भाच्याला रोजच्या कामात लागते. खरं कारण हेच असावं असा माझा संशय आहे, बाकीची कारणं त्याने मागून जुळवली. तरी ती कारणंही खोटी नाहीत. कुठलीही लिपी चालते. वाटेला काय वाटेल ते नाव देता येतं. वस्तूला आणि खोलीला टोपणनावं देता येतात, म्हणून देवघर तेच देवर मनी, स्वयंपाकघर तेच अडगी मनी. पडसाळ आणि पडसाली यांच्यात तर टोपणनावाचीही लाज वाटावी इतकं अंतर कमी. आणि साध्या ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे कुणाला वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि जोडाक्षरं मोडून पडत नाहीत. उणी बाजू एकच, आणि ती मोठी आहे. यात तयार काही नाही. बसवल्यावर मिळते एकच रिकामी खोली, तिचं नाव लिंबो, म्हणजे त्रिशंकूची जागा. देऊळ नाही, गाव नाही, ओडिनसुद्धा नाही.

मग व्याकरण. इंग्रजीत क्रियापद पुढे, म्हणून हे सगळे सर्व्हर पहिला शब्द ही आज्ञा मानून चालतात. आपण म्हणतो 'पेटीतली साडी घे', आई म्हणते 'पेट्टिगियागिन सीरि तगो'. दोन्हीकडे आज्ञा शेवटी. एव्हेनियात आज्ञा वाचणारा भाग काढून स्वतःचा बसवता येतो, तसा त्याने बसवला आणि शेवटून वाचायला शिकवलं. पण पेटी शोधायची तर ओळीत पेटी नाही, 'पेटीतली' आहे. दिवा नाही, 'दिव्यात' आहे. शाळेत सामान्यरूप शिकताना त्याचा उपयोग काय, असं मी बाईंना विचारलं होतं आणि उत्तरादाखल हातावर पट्टी खाल्ली होती. पन्नास वर्षांनी उपयोग कळला. भाच्याने प्रत्यय तोडायची छोटी यादी केली : त, तून, वर, ला, कडे, आणि अशी आणखी काही. आणि प्रत्येक वस्तूला सामान्यरूपाचंच टोपणनाव देऊन टाकलं. कोनाडा, टोपणनाव कोनाड्या. दिवा, टोपणनाव दिव्या. व्याकरणवाल्यांनी डोळे मिटून घ्यावेत, पण चालतं.

याहून अवघड गाठ पुढेच होती, आणि ती कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडली नसती. खोलीत कुणी आलं की बाकीच्यांना ओळ दिसते : अमका आला. मराठीत आला, आली, आले. कन्नडमध्ये बंद, बंदळु, बंदरु. इथपर्यंत ठीक, जुन्या डिकूतही पुरुष-स्त्रीप्रमाणे सर्वनाम बदलायची सोय होती. पण आई पडसाळीत आली तर मला दिसायला हवं 'आई आली'. भाच्याला 'आजी आली'. आणि माझ्या वहिनीला 'सासूबाई आल्या'. माणूस एक, पाऊल एक, आणि पाहणारा बदलला की क्रियापदसुद्धा बदलतं! भाच्याने आधी सरळ नाव घालून पाहिलं. वहिनी पुण्याहून खेळून पाहत होती. पडद्यावर सासूबाईंचं नुसतं नाव आणि पुढे 'आली' असं पाहून तिने फोनच केला, "अहो, हे मला बघवत नाही." एव्हेनियात नाव दाखवताना कोण पाहतंय ते विचारता येतं, ती जागा आधीच ठेवलेली आहे. पण नात्यांचा तक्ता आपणच भरायचा. तो भरायला मी, बहीण आणि आई दोन दिवस बसलो. बेचाळीस माणसं झाली. त्यात कोण कुणाला अहो-जाहो करतं आणि का, यावरून जेवढ्या गोष्टी निघाल्या, तेवढ्या चार लग्नांतही निघत नाहीत.

सर्व्हर ठेवायचा कुठे? भाचा म्हणाला, घरातच जुना कॉम्प्युटर पडून आहे. बहिणीने साफ नाही म्हटलं. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापी सुरतेत शिरली, तेव्हा ही अडाजणमध्ये तळमजल्यावर राहत होती. कॉम्प्युटर गेला, अल्बम गेले, वाड्याचे जे काही फोटो होते ते चिखलात एकमेकांना चिकटून गेले. आज वाडा शब्दांत लिहायची पाळी आली त्याचं एक कारण तेही आहे. म्हणून छोटी जागा भाड्याने घेतली, महिन्याच्या हिशेबाने, आणि सगळ्याची प्रत रोज तीन घरांत उतरते : सुरत, बेळगाव, बंगळूर. शब्दांचं ओझं ते किती, सगळा वाडा मिळून मोबाइलमधल्या एका फोटोएवढाही होत नाही.

इथपर्यंत सगळं हसतखेळत. मग थोरल्या चुलतभावाचा फोन आला. पोरांकडून त्याला कळलं होतं. त्याने एकच विचारलं, "मुख्य किल्ली कुणाकडे?"

प्रश्न बरोबर होता. एव्हेनियात एक सर्वाधिकारी असतो, त्याला कुठलंही कुलूप अडवत नाही. पण भावाला कुलपाचं विचारायचं नव्हतं. 1983 साली आमच्या वाड्याच्या चौकात भिंत पडली, म्हणजे घातली. इकडे आम्ही, तिकडे काका. तेव्हापासून येणं-जाणं बंद, बोलणं लग्नाकार्यापुरतं. आता शब्दांच्या वाड्यात ती भिंत घालायची की नाही? आम्ही भिंत गाळली तर आम्ही तिकडच्या खोल्याही आपल्याच म्हणून लिहिणार, असं त्याला वाटलं. भिंत घातली तर भांडण पुन्हा विटा-मातीसकट उभं करायचं. बहीण म्हणाली, गाळा. मी म्हणाले, होती ती होती. आई काहीच बोलली नाही.

लॅम्डामूतही हेच झालं होतं. 1992 च्या अखेरीस तिथल्या सर्वाधिकाऱ्यांनी जाहीर केलं की आम्ही यापुढे फक्त यंत्र सांभाळू, तुमचे तंटे तुम्ही मिटवा. तंटे मिटले नाहीत. पुढच्या वर्षी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणावी लागली. तीही पुरली नाही, आणि 1996 मध्ये त्यांनी मान्य केलं की यंत्र सांभाळणं आणि माणसं सांभाळणं वेगळं काढता येत नाही. भाच्याने हे वाचून दाखवलं. मी म्हटलं, आमच्या आजोबांना विचारलं असतंत तर त्यांनी अर्ज न मागवता सांगितलं असतं.

सुरतेहून निघायच्या आदल्या रात्री भाच्याने भावाच्या बंगळूरच्या मुलीला खोल्या खणायचा अधिकार दिला, कुणाला न विचारता. भिंत तशीच ठेवली, आणि भिंतीपलीकडचा भाग कोरा, तिच्या नावावर. "तुमच्या बाजूचं तुम्ही लिहा," एवढंच कळवलं. आम्ही परत बेळगावला आलो. पंधरा दिवस काही नाही. मग एके दिवशी दुपारी भाच्याचा फोन, "मावशी, बघ, आणि आजीला वाचून दाखव."

तिने पाच खोल्या लिहिल्या होत्या. वडिलांना विचारून विचारून लिहिल्या असणार, कारण तिचा जन्मच भिंतीनंतरचा. कन्नडमिश्रित मराठी, थोड्या चुका. भिंतीच्या त्या अंगाला, चौकाच्या कोपऱ्यात, तिने लिहिलं होतं : दगडी रगडा, मध्ये खोल झालेला, वरवंट्याची मूठ एका बाजूला झिजलेली.

आईने मला ते पुन्हा वाचायला लावलं. हा रगडा तिच्या सासूचा. वाटणीच्या धामधुमीत तो गेला कुठे, यावरून तिने वडिलांना आयुष्यभर बोललं होतं. कुणी चोरला म्हणायची, कुणी विकला म्हणायची.

"तिकडेच होता होय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मूठ झिजली म्हणजे वापरत होते." आणि मला चुलत जावेचा नंबर लावून द्यायला सांगितला. मी लावून दिला आणि चहा टाकायला आत गेले. बाहेरून कन्नड ऐकू येत होतं, भराभर, मधूनमधून हसू. चहा दोनदा गरम करावा लागला.